हाफ गार्डचा स्वीप ड्रिलमध्ये बसतो, रोलमध्ये फसतो: दोष कुठे शोधायचा

ब्राझिलियन ज्यू-जित्सू शिकणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. सरांनी दाखवलेला स्वीप, म्हणजे खालून वरच्याला उलटवायचा डाव, जोडीदारावर सफाईने बसतो, दोन्ही बाजूंनी बसतो. रोल, म्हणजे सरावाची खरी झुंज, सुरू झाला की तोच अर्ध्यावर अडतो. अंडरहुक (वरच्याच्या काखेखालून पाठीवर घातलेला हात) लागतो, कोपरावर उठताही येतं आणि नेमका तेव्हाच वरचा अंगावर कोसळतो. पाठ पुन्हा मॅटला. पुढच्या राऊंडला हेच, पुढच्या आठवड्यालाही हेच.

अशा वेळी बरेच जण शेवटच्या टप्प्यावर ताकद वाढवतात. गुडघा आणखी जोरात ओढायचा, खांदा आणखी जोरात रेटायचा. त्याने फरक पडत नाही, कारण हा स्वीप जिथे तुटलेला दिसतो तिथे त्याचा दोष क्वचितच असतो. दोष त्याच्या एक पाऊल आधी असतो, पुष्कळदा दोन पावलं आधी. म्हणून खाली लक्षणं घेतली आहेत, आणि प्रत्येक लक्षणावरून मागे कुठे बघायचं ते सांगितलं आहे.

हाफ गार्डमधून, म्हणजे खाली असताना वरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवलेल्या जागेतून, स्वीप अनेक आहेत. इथे धरलाय तो बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच शिकवला जाणारा: अंडरहुक घ्यायचा, कुशीवरून उठून गुडघ्यांवर यायचं, म्हणजे डॉगफाइटमध्ये, आणि वरच्याचा पलीकडचा गुडघा अडवून त्याला पलीकडे पाडायचं. डाव्या-उजव्याचा गोंधळ नको म्हणून एकच बाजू धरू. वरच्याचा उजवा पाय तुमच्या दोन पायांमध्ये अडकलाय. तुम्ही उजव्या कुशीवर आहात. तुमचा डावा हात त्याच्या उजव्या काखेखालून पाठीवर जाणार आहे, उजवा हात मोकळा आहे. त्याचा डावा हात तुमच्या मानेखाली शिरायला बघतोय, तो क्रॉसफेस. पुढचं सगळं याच चित्रावर वाचा.

अंडरहुक आहे, पण पाठ टेकलेलीच आहे

सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारा दोष हा. पाठ सपाट असताना लावलेला अंडरहुक म्हणजे नुसता हात. त्यामागे खांदा नसतो, कंबर नसते. वरच्याने छाती दाबली की तो हात त्याच्या काखेत अडकून पडतो आणि तुम्हाला मात्र वाटत राहतं की अर्धं काम झालंय.

तपासायची पद्धत सोपी आहे. अंडरहुक लागल्यावर डोळ्यांसमोर काय दिसतंय? छताचा पंखा दिसत असेल तर तुम्ही सपाट आहात. त्याची कंबर किंवा त्याच्या बाजूची मॅट दिसत असेल तर कुशीवर आहात. उजवा खुबा आणि उजवा खांदा मॅटवर, डावा खांदा हवेत, एवढं जमलं तरच पुढे जा.

सपाट होण्याचं कारण बहुतेक वेळा क्रॉसफेस असतं. त्याचा डावा खांदा तुमच्या जबड्याला लागला की तोंड डावीकडे वळतं, आणि तोंड जिकडे वळतं तिकडे कणा वळतो. मग खालून कितीही झटके मारा, कुशीवर येता येत नाही. त्यामुळे तुमच्या उजव्या हाताचं पहिलं काम स्वीप नाही, क्रॉसफेस अडवणं आहे. तळहात किंवा मनगट त्याच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपर तुमच्या बरगडीला चिकटलेलं. हात सरळ ताणून त्याला ढकलायला जाऊ नका. ताणलेला हात तो सहज बाजूला काढतो. अडवून धरायचं, एवढंच.

त्याच वेळी डावा गुडघा. तो त्याच्या छाती-पोटावर आडवा ठेवला की नी शील्ड तयार होतं आणि त्याला वजन टाकायला जागाच राहत नाही. माझ्या मते नवशिक्याने आधी काही आठवडे फक्त नी शील्ड आणि दंडावरचा हात, एवढ्यावरच काढावेत, अंडरहुकच्या मागे लागूच नये. शील्ड काढून आत कधी शिरायचं हे ती जागा नीट धरता आल्यावर आपोआप कळायला लागतं. वरचा शील्डवर रेटतो, त्याचं वजन पुढे येतं, त्याची उजवी काख उघडते. तो क्षण अंडरहुकचा.

आणि क्रॉसफेस आधीच बसला असेल तर? तर अंडरहुक खणत बसू नका. दोन्ही हातांनी त्याच्या डाव्या खांद्याशी फ्रेम करा, म्हणजे हातांचा टेकू लावा, थोडा ब्रिज (कंबर वर उचलणं), कंबर मागे सरकवा, शील्ड परत आणा. यात वेळ जातो, पण पाठीवर पडून केलेल्या धडपडीत त्याहून जास्त वेळ आणि दम जातो.

इथे एक गोष्ट मला मुंबईतल्या मुलांमध्ये वारंवार दिसते. जी मुलं गावाकडच्या तालमीतून किंवा परळ-लालबागकडच्या व्यायामशाळांतून ज्यू-जित्सूकडे येतात, त्यांच्या अंगात कुस्ती भिनलेली असते. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती गेली, हे त्यांचं शरीर विसरत नाही. त्यामुळे खाली आले की ते सरळ पोटावर वळतात आणि पाठ देतात. वरच्याला बॅक, म्हणजे पाठीवरची पकड, मिळते, ४ गुण मिळतात, चोक (गळा आवळायचा डाव) मिळतो. त्यांना पाठ आणि पोट याच दोन अवस्था माहीत असतात, कुशीची तिसरी अवस्था नवी असते. पण एकदा ती लागली की हीच मुलं इतरांपेक्षा लवकर स्वीप करायला लागतात, कारण गुडघ्यांवर आल्यानंतरची झोंबाझोंबी त्यांना आधीच येत असते. संध्याकाळच्या विरार लोकलमधून उतरताना कोणी छाती पुढे करून वाट काढत नाही; खांदा घालून, आडवं होऊन निघतो. हाफ गार्डमध्ये खालच्याने तसंच राहायचं असतं.

हाफ गार्डकडे बघण्याचाही यात भाग आहे. रिओच्या रोबेर्तो कोरेआ, म्हणजे ‘गोर्दो’, यांचा गुडघा दुखावला आणि नेहमीचा गार्ड (खाली राहून पायांनी वरच्याला रोखणं) खेळणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी हाफ गार्डमधूनच हल्ला करायला सुरुवात केली. ही १९९० च्या दशकातली गोष्ट. त्याआधी ही जागा बहुतेकांच्या लेखी गार्ड सुटण्याआधीचा शेवटचा थांबा होती. आजही अनेक नवशिके हाफ गार्डमध्ये तसेच पडून असतात, पाय गच्च आवळून, वरच्याने काहीतरी करायची वाट बघत. नुसता पाय आवळून धरण्याने काहीच घडत नाही, मांड्या मात्र पेटतात आणि तिसऱ्या राऊंडला पायात गोळे येतात. पाय आवळायचा नसतो, त्याला आकडा घालायचा असतो.

अंडरहुक चांगला लागतो, पण तो विझर लावून परत चिरडतो

विझर म्हणजे त्याने तुमच्या डाव्या दंडावरून आपला उजवा हात वळसा घालून घट्ट धरणं. तो लावणारच. चांगला खेळाडू अंडरहुक बसल्या बसल्या लावतो. तेव्हा विझर लागणं हा दोष नाही. विझर लागल्यावर तुम्ही चिरडले जाणं हा दोष आहे.

यात बघायची जागा म्हणजे तुमच्या अंडरहुकचा तळहात. तो त्याच्या खांद्याच्या पात्यावर असेल तर तुमचा हात वर ताणलेला आहे, कोपर उघडं आहे आणि विझरला भरपूर तरफ मिळते. तळहात खाली न्या, पलीकडच्या बरगडीपर्यंत किंवा कंबरेपर्यंत. कोपर त्याच्या पाठीला चिकटलेलं हवं. गी, म्हणजे ज्यू-जित्सूचा जाड कापडाचा पोशाख, घातली असेल तर पट्टा किंवा जॅकेटचं मागचं टोक धरता येतं. नो-गीमध्ये धरायला कापड नसतं, म्हणून तिथे हात आणखी खोल, पार पलीकडच्या कुल्ल्याशी.

पण नुसता हात खाली नेऊन भागत नाही, सगळं अंग खाली जायला हवं. इथे जवळजवळ सगळे उलटं करतात. अंडरहुक लागला की त्यांना वर चढावंसं वाटतं, त्याच्या डोक्याच्या दिशेने. तिथे त्याची ताकद आहे: खांदा, विझर, छातीचं वजन. त्याची कमजोर जागा खाली आहे, कंबरेपाशी. म्हणून अंडरहुकने त्याची काख वर ढकलायची आणि आपण खाली सरकायचं, त्याच्या कंबरेकडे, तुमचं डोकं त्याच्या बरगडीला लागेपर्यंत. लुकास लाइत या ब्राझिलियन खेळाडूच्या जुन्या लढती बघा. हाफ गार्डसाठीच तो ओळखला जातो, आणि त्याच्या लढतीत सतत दिसतं ते हेच: खाली सरकणं, कंबर पकडणं आणि मग उठणं. वेगामुळे ते लक्षात येत नाही, म्हणून व्हिडिओ सावकाश चालवून बघा.

मुंबईच्या हवेचा इथे खरोखर संबंध येतो. जून ते सप्टेंबर आणि परत ऑक्टोबरच्या उकाड्यात दुसऱ्या राऊंडपर्यंत सगळे ओलेचिंब असतात. उथळ अंडरहुक घामावरून सुटतो, खोल सुटत नाही. हिवाळ्यात चालणारी आळशी पकड पावसाळ्यात चालत नाही, आणि कित्येकांना वाटतं आपला डाव बिघडला. डाव तोच असतो, पकड पहिल्यापासून उथळ असते.

उठताना मान अडकते

डार्स चोक. तुम्ही अंडरहुकवर आहात, उठताय, आणि त्याचा उजवा हात विझर सोडून तुमच्या डाव्या काखेखालून आत येतो आणि मानेपलीकडे निघतो. त्याने दुसऱ्या हाताचा दंड पकडला की खेळ संपला. गिलोटिनही, म्हणजे समोरून मान काखेत आवळणंही, इथेच मिळतो.

कारण पुन्हा आधीचंच: डोकं त्याच्या अंगापासून सुटलंय आणि डावा हात ताणलाय. डावा कान त्याच्या बरगडीला घट्ट, हनुवटी आत, डावं कोपर खाली. डोकं आणि त्याचं अंग यांच्यामध्ये हात शिरेल एवढी फट राहू द्यायची नाही. वर सांगितल्याप्रमाणे खाली सरकलात तर हा चोक निम्म्याहून अधिक वेळा आपोआप टळतो, कारण मान त्याच्या हाताच्या टप्प्यातच राहत नाही.

त्याचा हात मानेपलीकडे गेलेला जाणवला तर स्वीप पुरा करायच्या नादात वर रेटू नका. रेटलंत की चोक आणखी बसतो. परत कुशीवर या, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरा, शील्ड आणा. आणि उशीर झाला असेल तर टॅप करा, म्हणजे थोपटून हार माना. उद्या परत मॅटवर यायचंय.

कोपरावर येतं, गुडघ्यांवर येता येत नाही

कबड्डी खेळून आलेल्या मुलांची पकड फार सुंदर असते. घोटा असो, मांडी असो, धरलं की सोडत नाहीत. आमच्या मॅटवर असाच एक मुलगा यायचा. अंडरहुक लागला की दोन्ही हातांनी वरच्याची कंबर कवटाळून धरायचा आणि तिथेच अडकायचा. त्याचं आणि आमच्यातल्या एका सीनियरचं बोलणं मला अजून उपयोगी वाटतं.

“दादा, मी सोडलं तर नाहीच त्याला.”

“तेच तर. उजवा हात सोड. टेकवणार काय मग, डोकं?”

उजवा हात क्रॉसफेस अडवून झाला की त्याचं दुसरं काम तुम्हाला उचलणं. आधी उजवं कोपर मॅटवर, मग कोपरावरून तळहातावर, आणि त्या हातावर भार देऊन कंबर मागे काढायची. अंडरहुकने त्याला ओढून वर येता येत नाही; पोटाच्या ताकदीवर उठू पाहणारा माणूस त्याच्या वजनाखाली परत झोपतो. खालचा हात जमिनीला ढकलतो म्हणून आपण उठतो. हे एकट्याने, जोडीदाराशिवाय, घरी चटईवर करता येण्यासारखं आहे: उजव्या कुशीवरून कोपर, तळहात, उजवा गुडघा पोटाखाली. दोन्ही बाजूंनी. दादरच्या वन रूम किचनमध्येही एवढी जागा निघते.

उठताना दुसरं काय सुटतं? पाय. तुम्ही वर येता तेव्हा तुमचा उजवा पाय खालून निघून गुडघ्यावर येतो, म्हणजे आता त्याचा उजवा पाय धरून ठेवण्याचं सगळं काम तुमच्या डाव्या पायावर येतं. तो पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये आहे, त्या पायाने वरच्याच्या उजव्या पोटरीवर, घोट्याच्या जवळ आकडा घालायचा. पुष्कळ जण उठण्याच्या घाईत हा आकडा सोडतात. मग तुम्ही डॉगफाइटमध्ये पोचता, पण त्याचा पाय मोकळा असतो, तो पाय मागे टाकतो, तुमच्या अंगावर स्प्रॉल करतो आणि तुम्ही तोंडावर. वरून बघणाऱ्याला वाटतं विझरने मारलं. खरं तर पायाने सोडलं.

आकडा घाला, आवळू नका. आणि जोडीदाराच्या गुडघ्याची काळजी घ्या. त्याची पोटरी दोन्ही पायांत गच्च आवळून, पाऊल मॅटला खिळवून त्याला बाजूला रेटलंत, तर सगळा पीळ त्याच्या गुडघ्याच्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. पाडायच्या क्षणी पकड सैल करायची, म्हणजे पाय शरीराबरोबर फिरतो. ही गोष्ट शिकवताना सांगितली जात नसेल तर तुम्ही विचारा.

गुडघा धरला, रेटलं, तरी तो पडत नाही

आता खरा शेवटचा टप्पा. तुम्ही दोघं गुडघ्यांवर, शेजारी शेजारी, तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला. डावा हात त्याच्या कंबरेभोवती, डाव्या पायाचा आकडा त्याच्या उजव्या पोटरीवर, उजवा हात त्याच्या पोटाखालून पलीकडच्या, म्हणजे डाव्या गुडघ्याकडे. आणि तरी तो हलत नाही.

पहिला प्रश्न: तुम्ही तो गुडघा ओढताय का? ओढायचा नसतो, अडवायचा असतो. तळहात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लावून तो तिथेच रोखायचा, म्हणजे त्याला पलीकडे पाऊल टाकून तोल सावरता येत नाही. पाडायचं काम डोकं, खांदा आणि तुमचे पाय करतात. डोकं त्याच्या बरगडीत, उजव्या पायाची बोटं मॅटवर रोवलेली, आणि रेटा आडवा. ज्यांनी कुस्तीत एकेरी पट काढलाय त्यांना हे लगेच समजतं: हाताने धरायचं, पायाने चालायचं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: तो कुठे रेटतोय? याचं उत्तर न बघता केलेला नी टॅप, म्हणजे हा गुडघा अडवून पाडायचा डाव, निम्म्या वेळा वाया जातो.

वरचा माणूस तिथे स्वस्थ बसलेला नसतो. विझरने तो एकतर तुमच्या अंगावर, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे, वजन टाकतो. नाहीतर तुमच्यापासून दूर, डावीकडे, पळू बघतो. दूर पळत असेल तर त्याचं वजन आधीच पलीकडे चाललंय. तेव्हा नी टॅप करा, तो जवळजवळ स्वतःच पडतो. पण तो अंगावर वजन टाकत असेल आणि तुम्ही त्याच्या विरुद्ध रेटत असाल, तर ती निव्वळ ताकदीची झटापट होते. साठ किलोचा माणूस नव्वद किलोच्या माणसाशी ती हरणारच.

अशा वेळी दिशा बदला. उजव्या हाताने त्याचा डावा पाय आतून, गुडघ्याजवळ पकडा, उजवा खांदा त्याच्या खाली घाला आणि उजवीकडे लोळा. तो ज्या दिशेला वजन टाकतोय त्याच दिशेला तुमच्या अंगावरून पलीकडे जातो. आधी नी टॅपचा खराखुरा रेटा दिलात तर हे आणखी चांगलं बसतं, कारण रेट्याला विरोध म्हणून तो आणखी जोरात अंगावर येतो. दोन्ही डाव एकत्रच शिकावेत असं माझं मत आहे. फक्त नी टॅप शिकलेला माणूस प्रत्येक वेळी एकाच दरवाज्यावर धडका मारत बसतो, आणि वरच्याला ते दुसऱ्या राऊंडपर्यंत कळतं.

तिसरी शक्यता: तो घाबरून विझर सोडतो आणि दोन्ही हात मॅटवर टेकतो. मग स्वीपचा हट्ट सोडा. तुमचा डावा हात मोकळा झालाय, पाठ समोर आहे, बॅक घ्या.

आणि चौथी: तो डावा पाय इतका लांब टाकतो की गुडघ्यापर्यंत हातच पोचत नाही. हात लांबवत बसू नका, त्यात डोकं सुटतं आणि मान जाते. पाय लांब टाकला म्हणजे त्याची कंबर खाली आली आणि वजन मागे-पुढे वाटलं गेलं. अशा वेळी कंबरेभोवतीचा हात घट्ट करून त्याच्या मागे फिरायला वाट असते.

मुळात अंडरहुक देतच नाही

काही जण, विशेषतः जड आणि अनुभवी, छाती खाली ठेवून, डोकं तुमच्या डोक्याच्या बाजूला रोवून बसतात. क्रॉसफेस आणि अंडरहुक दोन्ही त्यांचेच. तिथे हा स्वीप लावायचा प्रयत्न करू नये. वजन पुढे असलेल्या माणसाच्या खाली शिरायचं असतं: डीप हाफ. ब्राझिलियन खेळाडू बर्नार्दो फारिया यांनी डीप हाफच्या जोरावर स्वतःपेक्षा अवजड माणसं उलटवली आणि २०१५ साली जागतिक स्पर्धेत खुल्या वजनगटाचं सुवर्ण जिंकलं. तो स्वतंत्र विषय आहे. इथे एवढंच लक्षात ठेवा की वरच्याचं वजन टाचांवर असेल तर हा स्वीप, आणि छातीवर असेल तर खाली शिरणं.

ड्रिल आणि रोल यांच्यामधली जागा

ड्रिलमध्ये जोडीदार अंडरहुक देतो, क्रॉसफेस लावत नाही, वजन मध्येच ठेवतो. म्हणजे वर सांगितलेले सगळे दोष ड्रिलमध्ये लपून राहतात. रोलमध्ये मात्र सगळे एकदम येतात, आणि कोणता आला हे कळत नाही. मधली पायरी हवी.

ती अशी: हाफ गार्डमधूनच सुरुवात, आणि वरच्याला एकच काम. आज तो फक्त क्रॉसफेससाठी भांडेल, बाकी काही नाही. तुम्ही कुशीवर आलात आणि अंडरहुक लागला की पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी तो अंडरहुक देईल, पण विझर लावून चिरडायला बघेल. त्यानंतर डॉगफाइटमधून सुरुवात, तो डोळे मिटलेल्या तुमच्यावर कधी वजन टाकेल, कधी दूर पळेल, आणि दिशा तुम्ही अंगाने ओळखायची. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण डोळे मिटले की माणूस खरंच वजन वाचायला लागतो. असे छोटे राऊंड झाले की मगच पूर्ण विरोध: स्वीप झाला किंवा पास (वरच्याने पाय सोडवून पुढे जाणं) झाला की परत हाफ गार्ड.

मुंबईत याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे बरेचसे मॅट लहान असतात: जिमचा वरचा मजला, सोसायटीचा हॉल, मध्ये खांब. सात वाजताच्या बॅचला ऑफिसमधून आलेले सगळे एकदम उतरतात आणि उभ्याने रोल करायला जागा उरत नाही. हाफ गार्डच्या राऊंडला जोडीमागे थोडीच जागा लागते. मात्र लोळून पाडायच्या डावाची दिशा आधी बघून घ्या, भिंत आणि शेजारची जोडी कुठे आहे ते.

जोडीदारांचा क्रमही ठरवा. आधी तुमच्याहून हलका, मग बरोबरीचा, मग जड. जडावरच शिकायला गेलं की माणूस ताकद लावायला शिकतो. एखादी ताई किंवा वयाने मोठे दादा, जे ताकदीऐवजी वजन नीट टाकतात, त्यांच्याबरोबर हे राऊंड मागून घ्या. त्यांच्या खाली पडल्यावर जितकं कळतं तितकं ताकदवान मुलाच्या खाली कळत नाही.

फोन लावून ठेवता आला तर लावा, जोडीदाराला विचारून. पण फसलेला क्षण परत परत बघू नका. तिथून थोडं मागे जा आणि व्हिडिओ थांबवा: डोकं कुठे आहे, उजवा हात काय करतोय, छाती कुणीकडे आहे. एकाच माणसाच्या तीन-चार राऊंडमध्ये दोष साधारण एकाच ठिकाणी सापडतो.

आणि मॅटवरून उतरलात की लगेच अंघोळ, गी त्याच रात्री धुवा. पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून शक्य असेल तर दुसरी ठेवा. ओल्या गीने येणारं गजकर्ण एकाला झालं की सगळ्या बॅचला होतं आणि शिकणं आठवडेच्या आठवडे बंद पडतं. अंगावर चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवून बरा होईपर्यंत येऊ नका.

पाडलं, पण गुण मिळाले नाहीत

स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ज्यू-जित्सू संघटनेच्या नियमांत स्वीपचे २ गुण, पण पाडल्यावर वरची जागा ३ सेकंद टिकवावी लागते. पांढऱ्या पट्ट्याची प्रौढांची लढत ५ मिनिटांची, त्यात हे २ गुण पुष्कळदा निकाल ठरवतात. नी टॅपनंतर तुम्ही सहसा त्याच्या हाफ गार्डमध्ये वरती पडता. तेही चालतं, पाय सोडवून पास करायलाच हवं असं नाही. पण पडल्याबरोबर पास करायची घाई केली की तो त्याच लाटेवर परत वर येतो, आणि गुण कोणालाच मिळत नाहीत.

हे टाळायला बघायची जागा डावा हात. पडताना बहुतेक जण तो सोडून मॅटवर टेकतात, सावरायला म्हणून. टेकवायचा असेल तर उजवा टेकवा. डावा त्याच्या कंबरेभोवतीच राहू द्या, डोकं आता त्याच्या हनुवटीखाली, छाती छातीवर, आणि गुडघे रुंद. क्रॉसफेस तुम्ही लावा. खालून तो काय करतो हे तुम्हाला आता चांगलं माहीत आहे. रेफरीने दोन बोटं दाखवली की मग पासचं बघा.